होयसळचं राहिलेलं आसन

माझ्या मुलाला दोन गोष्टी उत्तम येतात. एक, स्वतःचा उजवा पाय उचलून मानेमागे टाकणं. दोन, तो तिथंच विसरून झोपी जाणं. वय दोन वर्षं दोन महिने. उभं राहता येत नाही, चालता येत नाही, बोलण्याच्या नावानं एक ‘बा’ आहे, तो माझ्यासाठी, पंख्यासाठी आणि शेजारच्या शेळीसाठी मिळून आहे.

नाव होयसळ. माझ्या वडिलांनी जाण्याआधी ठरवून ठेवलं होतं. राजघराण्याचं नाव आहे, मूळपुरुषानं एका घावात वाघ मारला होता म्हणतात. आमच्या होयसळला मान सावरायलाच नऊ महिने लागले. वाघ थांबायला तयार असेल तर आमची हरकत नाही.

त्याला डाउन सिंड्रोम आहे. म्हणजे बरंच काही आहे, पण रोजच्या व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की स्नायू सैल, सांधे सैल, आणि जे इतर पोरांना आपोआप येतं ते याला शंभर वेळा करून दाखवायचं. शंभर ही बोलायची पद्धत नाही. मी मोजलेत.

हे शिकवणाऱ्या फिलोमिना मॅडम. चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचा हॉल आहे. आठवड्यातून तीन सकाळी मी होयसळला तिथं नेतो, मग दुकानात जातो. मी रेशमी साड्यांच्या दुकानात विक्रेता आहे. मॅडम प्रत्येक आईबापाला त्याच्या धंद्यातून समजावतात. रिक्षावाल्या इरफानभाईला म्हणाल्या, क्लच सैल आहे. मेसवाल्या सरोजम्मांना म्हणाल्या, पीठ पातळ झालंय. मला म्हणाल्या, “लोहित, कापड उत्तम आहे. खळ नाही.”

खळ घालण्याचं काम असं असतं. पोर पालथं पडलंय. इतर पोरं उठून बसताना एक गुडघा पोटाशी घेतात, कुशीवर वळतात, हातानं रेटतात आणि बसतात. त्यात पोटाचे, कमरेचे, पाठीचे सगळे स्नायू कामाला लागतात, आणि तेच पुढं उभं राहायला उपयोगी पडतात. होयसळ पालथा पडला की दोन्ही पाय दोन दिशांना सरळ फाकवतो, इतके की एक पाय बंगळूरकडं आणि दुसरा ऊटीकडं जातो, मग दोन्ही हात जमिनीवर रेटतो आणि त्या पायांच्या मधून वर येतो. बसला. एकाही स्नायूला त्रास नाही.

“आडवाट काढलीय त्यानं,” मॅडम म्हणाल्या होत्या.

“म्हणजे हुशार आहे.”

“आळशी आहे. आळशी माणसं हुशारच असतात. तुम्ही पण ताठ बसा.”

मग मॅडम त्याच्या मांड्यांना दोन्हीकडून आपले हात लावून बसायच्या. पाय फाकले की हात. परत फाकले की परत हात. बाहेर जायची वाट बंद. तो रडायचा, मग वैतागून कुशीवर वळायचा. घरी संध्याकाळी हेच माझी बायको चैत्रा करायची. ती पोस्टात आहे, दिवसभर शिक्के मारून आलेले हात घेऊन बसायची. ती थकली की मी बसायचो. आम्ही गप्पा मारायचं कधी बंद केलं ते आठवत नाही. आकडे बोलायचो. “आज किती?” “चाळीस. त्यातले तीन बरोबर.” “झोप.”

घरात तिसरं माणूस म्हणजे अम्मा, माझी आई. तिनं नातवाला घ्यायला कधी नाही म्हटलं नाही, नाचणीची पेज तीच भरवायची, फक्त त्याला घेऊन ती पुढच्या दारानं बाहेर पडायची नाही. तो झाला तेव्हा गल्लीतली माणसं नारळ घेऊन आली, त्याच्या डोळ्यांकडं बघून ‘बिचारं’ म्हणाली आणि नारळ ठेवून गेली. समोरच्या विशालाक्षम्मांनी तर विचारलं, तुमच्याकडं आधी कुणाला होतं का, की सुनेकडून आलं. त्या दिवसापासून अम्मा कपडे मागच्या अंगणात वाळत घालते. मागच्या अंगणात ऊन येत नाही. दोन वर्षं आमच्या घरात कुणी पूर्ण वाळलेला बनियन घातलेला नाही.

आता गुरुजी. म्हैसुरात आमच्या भागात दर तिसऱ्या गच्चीवर योगवर्ग चालतो आणि मधल्या दोन गच्च्यांवर त्यांच्या चटया वाळतात. आमच्या वरच्या गच्चीवर एप्रिलमध्ये षडाक्षरी गुरुजी आले. सोबत सात परदेशी शिष्य. एका सकाळी गुरुजी पाण्याची टाकी वाहते आहे हे सांगायला खाली आले आणि दारातच थांबले, कारण होयसळ नेमका तेव्हा बंगळूर-ऊटी करून उठून बसत होता.

गुरुजींनी चपला काढल्या. “हे याला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. थांबवायला माणूस ठेवलाय.”

“माझ्या शिष्यांना याच्यासाठी सहा वर्षं लागतात.” ते जमिनीवर बसले. होयसळनं त्यांना पाय मानेमागे टाकून दाखवला. पाहुणे आले की तो टाकतोच. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, “योगभ्रष्ट आहे.”

“दोन वर्षांचा आहे, गुरुजी. भ्रष्ट व्हायला वेळ तरी कुठं मिळाला?”

गुरुजी माझ्याकडं बघितल्यासारखं करून अम्माकडं वळले. त्यांनी समजावलं की गेल्या जन्मी योगसाधना करता करता ज्याचा देह मध्येच पडतो, तो राहिलेलं पुरं करायला पुन्हा जन्म घेतो. आणि कुठंही घेत नाही. चांगल्या घरात घेतो. गीतेत तसं सांगूनच ठेवलेलं आहे.

अम्माचा नारळ खवायचा आवाज थांबला होता.

“चांगल्या घरात,” अम्मा म्हणाली.

“चांगल्याच,” गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर सातही शिष्य खाली आले. त्यांच्यात सोल्वेग नावाची नॉर्वेची एक उंच बाई होती. ती होयसळसमोर बसली आणि रडली. होयसळनं तिची वेणी तोंडात घातली. तिनं ती दिवसभर धुतली नाही म्हणे.

आठवड्याभरात अम्मा रोज सकाळी साडेसात वाजता जरीच्या काठाची साडी नेसून पुढच्या ओट्यावर बसू लागली. मांडीवर होयसळ, कपाळावर विभूती. लोक येत, तो पाय फाकवी, लोक हात जोडत. कोणी ‘बिचारं’ म्हणत नव्हतं. विशालाक्षम्माही केळी घेऊन आल्या. अम्मानं त्यांना थांबायला सांगितलं. पुढं कुणी नव्हतं, तरी थांबायला सांगितलं.

मी चैत्राला म्हटलं, “हे बंद करायला हवं ना?”

“हवं,” ती बूट काढत म्हणाली. “पण अहो, त्या दोन वर्षांनी पुढच्या दारानं बाहेर पडल्यात. राहू दे थोडे दिवस.”

राहू दिलं. थकलेल्या माणसाला ‘राहू दे’ हा शब्द फार लवकर सापडतो.

तीन आठवड्यांनी मॅडमनी होयसळला दहा वेळा पालथं घातलं, दहा वेळा उठू दिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

“मागच्या महिन्यात हा दहातून चार वेळा कुशीवरून उठत होता. आज शून्य. घरी कुणी दुसरा मास्तर लावलाय का?”

मी सगळं सांगितलं. मी ते विनोदी करून सांगितलं, वेणीसकट. मॅडम हसल्या नाहीत. मग मी शेवटचा विनोद म्हणून सांगितलं की जूनमध्ये योगदिनाला मैदानावर गुरुजी याला मांडवात नेणार आहेत आणि तिथं शीर्षासन करून घेणार आहेत.

मॅडमनी वही मिटली. “मान?”

“गुरुजी धरणार आहेत म्हणे.”

“लोहित, नीट ऐका. या मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर सैल असू शकतात. डोक्यावर भार गेला, मान वाकली, तर आत मज्जारज्जू आहे. पाय फाकवतोय ते मी निस्तरीन. वर्ष लागेल, पण निस्तरीन. मान मला निस्तरता येत नाही.”

जाताना त्यांनी एक चड्डी दिली. साधीच, गुडघ्यापर्यंतची, फक्त दोन्ही मांड्या आतल्या बाजूनं एकमेकींना शिवलेल्या. ती घातली की पाय फाकतच नाहीत, पोर निमूट कुशीवर वळतं.

त्या दिवशी दुकानात एक लग्नाचा जथा आला होता. त्यांनी मला एकशेचाळीस साड्या उलगडायला लावल्या, एसीत बसून दोन वेळा कॉफी प्यायले आणि ‘मुलीच्या मावशीला विचारून येतो’ म्हणून गेले. संध्याकाळी सातपर्यंत मी घड्या घालत होतो. घरी आलो तर ती चड्डी कपाटाच्या वर होती.

“ही घालायची नाही,” अम्मा म्हणाली.

“मॅडमनी दिलीय.”

“पाय कुणाचे बांधतात, तुला माहीत आहे ना? तुझ्या वडिलांचे अंगठे बांधायला सुतळी मीच काढून दिली होती.”

“अम्मा, ते वेगळं. आणि शीर्षासन तर अजिबात नको. मानेचे मणके–”

“गुरुजी धरणार आहेत.”

“मॅडम म्हणतात–”

“त्या चर्चला जातात. त्यांना योगातलं काय कळणार?” तिनं होयसळच्या कपाळावरची विभूती नीट केली. “माझ्या नातवाला बघायला पहिल्यांदा माणसं येतायत. तुम्हा दोघांना तेही बघवत नाही.”

मी पायमोजे काढत होतो. मला वाद घालायचा नव्हता. मला फक्त तो विषय संपवून आडवं व्हायचं होतं. म्हणून मी मोज्याकडंच बघत म्हणालो, “बरं. पण पुरं झाल्यावर काय होतं, ते गुरुजींनी सांगितलं का?”

“काय पुरं झाल्यावर?”

“तो राहिलेलं पुरं करायला आलाय ना? एखादं आसन राहिलं असेल. ते झालं की काम झालं. मग कशाला थांबेल?”

अम्मानं होयसळला जवळ ओढून घेतलं. मी दुसरा मोजा काढला.

सकाळी ओट्याचं दार बंद होतं. बाहेर सोल्वेग आणि दोघं जण उभे होते. अम्मानं खिडकीतून सांगितलं, “तो झोपलाय.” तो तिच्या कडेवर होता आणि खिडकीचा गज चाटत होता. गुरुजी आले, त्यांनाही तेच. योगदिनाचं विचारलं तर म्हणाली, त्या दिवशीही झोपणार आहे.

मी मॅडमना फोन करून सांगितलं की मानेचा प्रश्न मिटला. कसा मिटवला ते सांगितलं नाही. चार दिवस मी स्वतःवर खूश होतो. एका वाक्यात मिटवला होता, आणि तेही मोजे काढता काढता.

पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी होयसळला जमिनीवर बघितलेलंच नाही. अकरा किलोचं पोर अम्माच्या कडेवर होतं. ती त्याला कडेवर घेऊन उप्पीट परतत होती, कडेवर घेऊन देवपूजा करत होती. न्हाणीघरात जाताना चैत्राकडं द्यायची, तेही “खाली ठेवू नकोस” असं सांगून. तिसऱ्या दिवशीची मॅडमची वेळही ‘त्याला खोकला आहे’ म्हणून बुडवली होती. खोकला कुणालाच नव्हता.

संध्याकाळी चैत्रानं चटई अंथरली. “अम्मा, द्या त्याला.”

“आज नको.”

“कालही नको म्हणालात.”

“आजही नको.”

“अम्मा, एवढे दिवस बंद ठेवलं की सगळं पहिल्यापासून. त्याला उभं करायचंय ना आपल्याला?”

अम्मानं त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. तिची कंबर एका बाजूला कलली होती. “त्याचं राहिलेलं कोणतं, ते कुणाला माहीत आहे?” ती म्हणाली. “शीर्षासनच असेल कशावरून? बाकी सगळं येतं त्याला. पाय फाकवता येतो, मानेमागे टाकता येतो. काय येत नाही? उभं राहणं येत नाही. चालणं येत नाही. तेच राहिलं असेल तर? ते पुरं झालं की हा थांबेल का?”

चैत्राला आधी कळलं नाही. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

मागच्या अंगणात ओल्या कपड्यांमध्ये उभी राहून ती म्हणाली, “तुम्ही सांगितलंत.”

“शीर्षासन थांबवायचं होतं.”

“थांबलं. चालणंही थांबलं.” तिचा आवाज चढला नाही. चढायला बळ लागतं. “माझ्याकडं आता असा एकही दिवस उरलेला नाही जो मी तुमच्या विनोदावर घालवू शकेन. जा आणि सांगा की खोटं होतं.”

मी गेलो. “अम्मा, ते मी उगाच बोललो होतो. तसं काही नसतं.”

अम्मानं मला नीट न्याहाळलं. “लहानपणापासून तू खोटं बोलताना डावा कान खाजवतोस. त्या दिवशी नव्हता खाजवलास.”

“हातात मोजा होता.”

“आता खाजवतोयस,” ती म्हणाली.

खरंच खाजवत होतो. त्या अंगणात डास फार आहेत.

गुरुवारी मॅडमची वेळ होती. मी म्हटलं, मी त्याला नेतो. अम्मा म्हणाली, “मी पण येते.” चपला घातल्या, होयसळला घेतलं आणि रिक्षात बसली. बघायला येत नव्हती. त्याला कुणी खाली ठेवू नये म्हणून येत होती. गल्लीतून जाताना विशालाक्षम्मांनी हाक मारली, तिनं ऐकली नाही.

हॉलमध्ये तिनं पाऊल टाकलं आणि दाराशीच थांबली. सात मुलं चटयांवर होती. मॅडम आतल्या बाजूला एकीला मोठ्या चेंडूवर बसवत होत्या, त्यामुळं बाकीच्यांवर लक्ष नव्हतं, आणि त्याचा बाकीच्यांनी फायदा घेतला होता. इरफानभाईचा झैद पालथा होता, त्यानं पाय दोन दिशांना फाकवले आणि मधून वर आला. त्याच्या पलीकडचा तसाच वर आला. एक मुलगी तशी बसलेली होतीच, ती तशीच पुढं वाकून, कपाळ चटईला टेकून झोपली होती. दोघांनी त्या शिवलेल्या चड्ड्या घातल्या होत्या आणि एका खुळखुळ्यावरून एकमेकांचे केस ओढत होते. एकानं पाहुणे आले असं बघून पाय मानेमागे टाकला.

अम्मा बघत राहिली. तिनं आमच्या होयसळशिवाय असं मूल बघितलेलंच नव्हतं. दोन वर्षं तिच्या जगात तो एकटा होता.

“हे सगळे?” तिनं मला विचारलं.

“सगळे.”

“सगळेच असे उठतात?”

“मॅडमचं लक्ष नसेल तेव्हा.”

भिंतीशी सरोजम्मा बसल्या होत्या, मेसवाल्या. झोपलेली ती त्यांची नात. त्या सरकल्या. “बसा हो. अशा कडेवर घेऊन किती वेळ उभ्या राहाल? जड दिसतोय.”

अम्मा बसली नाही. “तुमची नात अशीच झोपते?”

“रोज. पलंगावर तिला आडवी जागा लागते, आम्ही दोघं कडेला.”

अम्मा जरा घुटमळली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “तुम्हाला कुणी काही सांगितलं का हिचं? म्हणजे गेल्या जन्माचं.”

“सांगितलं की. नंजनगुडच्या एकानं सांगितलं, बेडूक होती.”

अम्माच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरताना मला दिसलं. भीती उतरत होती, ते मला ओळखता आलं, मी आठवडाभर ती उतरायचीच वाट बघत होतो. पण तिच्याबरोबर आणखीही काही उतरत होतं, आणि मी पायांतल्या चपला नीट लावण्यात गुंतलो.

तेवढ्यात चेंडूवरची मुलगी खाली उतरली. सहाएक वर्षांची, दोन घट्ट वेण्या, त्यांत मल्लिगेची फुलं. ती पाय लांब लांब टाकत, बदकासारखी डुलत, पण कुणाचा हात न धरता थेट अम्माकडं चालत आली, अम्माच्या काखेतली पर्स ओढून घेतली आणि तशीच डुलत दुसऱ्या टोकाला गेली.

“ही कधी चालली?” अम्मानं विचारलं.

“तीन उलटल्यावर,” मॅडम तिथूनच म्हणाल्या.

“आणि मग?”

“मग काय?”

“चालल्यावर. मग काही झालं का?”

मॅडमनी पहिल्यांदा वळून अम्माकडं, मग माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा त्यांना काय सांगत होता ते मला माहीत नाही. त्या जवळ आल्या. “अम्मा, सव्वीस वर्षं मी हे करतेय. माझ्याकडची दोन मुलं गेली. दोघांचं हृदय मुळातच कमजोर होतं, दोघंही अजून बसतही नव्हती. चालायला लागलं म्हणून कुणी गेलं नाही. चालायला लागलं की फक्त घरातल्या वस्तू वर ठेवाव्या लागतात.”

पर्समधला कंगवा, रुमाल आणि देवळाच्या कुंकवाची पुडी एव्हाना चटईवर आली होती. मुलगी पुडी उघडायच्या बेतात होती.

अम्मा बसली. बसताना तिच्या कमरेतून कट्ट असा आवाज आला. तिनं होयसळला कडेवरून काढलं, क्षणभर तसंच हवेत धरलं आणि मग चटईवर पालथं ठेवलं. तो आठवडाभरानंतर जमिनीला लागत होता. त्यानं आधी चटई चाटली. मग दोन्ही पाय फाकवायला लागला.

“गुडघ्यांच्या बाहेरून हात लावा,” मॅडम म्हणाल्या. “दाबायचं नाही. नुसते लावून ठेवायचे.”

अम्मानं हात लावले. पायांना वाट सापडेना. होयसळनं मागं वळून बघितलं की हे कोण करतंय, आणि अम्मा आहे हे बघून त्याला फार लागलं असावं. त्यानं तोंड पसरलं. पलीकडं झैद रडत होता, कारण इरफानभाई त्याच्या बाजूला बसला होता. खुळखुळा हरलेला रडत होता. सरोजम्मांची नात जागी होऊन कशासाठी तरी रडत होती.

अम्मानं हात काढले नाहीत.

“रड,” ती त्याला म्हणाली. “सगळेच रडतायत.”